आग विझविणारा वायू आणि कोळशाची ज्योत

शाळेच्या किंवा कचेरीच्या भिंतीवर टांगलेली अग्निशामक नळकांडी सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांपैकी काहींत कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. आग विझविणाऱ्या याच वायूत प्राणवायू मिसळून दगडी कोळसा जाळता येतो, हे ऐकून नवल वाटेल. परंतु औष्णिक विजेच्या भवितव्याशी या पद्धतीचा निकटचा संबंध आहे.

नत्रवायूची अडचण

मुंबई उपनगर जिल्ह्यातील ट्रॉम्बे येथील वीज केंद्रात १९८४ साली ५०० मेगावॅटचा संच सुरू झाला. अशा केंद्रांच्या बाष्पकात कोळशाची बारीक भुकटी हवेबरोबर फुंकून जाळतात. हवेत प्राणवायू २१ टक्के, तर नत्रवायू ७८ टक्के असतो. नत्रवायू जळण्यास मदत करीत नाही. मात्र धुरात बहुतांश तोच असतो. कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १५ टक्के असल्याने तो वेगळा काढणे खर्चाचे ठरते.

यावर उपाय असा, की नत्रवायू आधीच वगळावा. मग धुरात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व वाफ उरते. धूर थंड केला की वाफेचे पाणी होते आणि वायू साठविण्याजोगा हाती येतो. केवळ प्राणवायूत कोळसा जाळल्यास बाष्पकाला न सोसणारी उष्णता निर्माण होते. म्हणून धुराचाच काही भाग पुन्हा भट्टीत सोडतात.

ज्योत मंदावते का?

भट्टीत कोळशाचा कण प्रथम तापतो, त्यातील ओलावा जातो, नंतर ज्वलनशील वायू बाहेर पडून पेटतात आणि शेवटी उरलेला कोळसा जळतो. नत्रवायूच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला की तीन फरक पडतात. तेवढ्याच आकारमानाचा हा वायू अधिक उष्णता शोषून घेतो, म्हणून पेट उशिरा घेतला जातो. त्यातून प्राणवायू कणापर्यंत सावकाश पोहोचतो. शिवाय अतितप्त कोळशाशी त्याची स्वतःची क्रिया होऊन उष्णता खर्ची पडते. त्यामुळे २१ टक्के प्राणवायूत ज्योत मंद राहते. हे प्रमाण सुमारे २७ ते ३० टक्क्यांपर्यंत वाढविल्यास ती हवेतल्यासारखी होते.

अनुभव आणि पुढील वाट

जर्मनीतील श्वार्त्से पुंपे येथे २००८ ते २०१४ या काळात, तर ऑस्ट्रेलियातील कॅलाइड येथे २०१२ ते २०१५ या काळात या पद्धतीचे प्रत्यक्ष प्रयोग झाले. पद्धत यशस्वी ठरली. परंतु हवेतून प्राणवायू वेगळा करण्यासच बरीच वीज लागते, ही अडचण कायम आहे.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचा उपयोग करण्याविषयीचे राष्ट्रीय केंद्र पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत स्थापण्याचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला. संशोधन आपल्या गतीने होईल. तोवर कोळशापासून निर्माण होणाऱ्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ध्यानी ठेवून शाळा, कचेरी व ग्रामपंचायतीने अनावश्यक दिवा मालवणे, हा आपल्या हातचा उपाय होय.