मॉरिशसचे आपले पणजोबा

गणपती जवळ आले की भाईंदर-मीरा रोडच्या कोकणी घरांत बांधाबांध सुरू होते. आमची आजी तर महिनाभर आधीच पिशवी भरायला घ्यायची. मंडळी, वर्षातून एकदा का होईना गावी जाता येते, याचे मोल मॉरिशसला गेलेल्या आपल्या माणसांवरून कळते.

हिंदी महासागरातल्या या बेटावर उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारावर हिंदी मजूर नेऊ लागले. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे मुंबई बंदरातून गेली. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, गड्याला महिना पाच रुपये आणि शिधा. मुदत संपल्यावर काहीजण परतले, बाकीचे तिथलेच झाले.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले की कारकून नाव विचारी. गडी स्वतःचे सांगे, बापाचे सांगे. आडनाव बहुधा राहूनच जाई. साहेबाला ऐकू आले तसे ते वहीत उतरले आणि माणसाला नंबर मिळाला. पुढे आजोबांचे हाकेचे नावच नातवंडांचे आडनाव झाले. तिथे भिवाजी हे आडनाव आहे! ही जुनी दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. उंची, अंगावरची खूण, काहींचा फोटोसुद्धा त्यांत सापडतो.

पण ओवी, आरती, सणाची रीत दप्तरात कशी सापडणार? ती घरातल्या म्हाताऱ्यांनी सांभाळली. कास्काव्हेल गावात १८९६ साली भिवाजी कुटुंबाने गणपती बसवला, असे तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुटी असते. आपली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. घरात क्रिओल बोलणारी मुले शाळेत मराठी शिकतात.

आणि आम्ही? भाईंदरला आलो ते बोटीने नव्हे, आगगाडीने. तरी खापरपणजोबांचे नाव घरात कुणाला सांगता येईना. यंदा तुमच्याकडे मुंबईची नातवंडे येतील, तेव्हा आरती झाल्यावर त्यांना वही घेऊन आजीपाशी बसवा. नावे, वाडी, कोण कुठून येऊन कुठे वसले, सगळे लिहून घेऊ द्या. आम्ही गेल्या वर्षी गावी चुलत आत्यापाशी असेच बसलो. तीन पिढ्यांची नावे तिने घडाघडा सांगितली. चौथ्यापाशी अडली, जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे आईला विचारायचे राहिले बघ."