जुन्या गाडीचा रिव्हर्स लाइट : दोष दिव्यात की वायरिंगमध्ये?
(जुन्या गाड्यांची दुरुस्ती : लेखांक ९)

जुन्या गाडीचा रिव्हर्स लाइट मंद झाला की मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात : बल्ब काढून एलईडी लावा, नाहीतर अख्खा दिवाच नवा घ्या. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की त्या काळचे दिवे पहिल्यापासूनच अपुरे होते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी दुरुस्त होण्याजोगे कितीतरी दिवे भंगारात जातात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचेच उदाहरण घेऊ. १९६२ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिला रिव्हर्स लाइट नव्हते. १९६७ मध्ये ते कारखान्यातूनच बसून येऊ लागले. दिवे बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे. आत दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला, नळीसारखा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब असतो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे आजही तो २७३ या क्रमांकानेच ओळखतात.

हा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे पेटलेल्या तारेचा रोध सात ओहमच्या आसपास भरतो. आता होल्डरच्या गंजलेल्या पट्ट्या आणि अर्थच्या स्क्रूखालचा गंज मिळून एक ओहम रोध साचला आहे असे धरा. तेवढ्याने बल्बपर्यंत जेमतेम साडेदहा व्होल्ट पोचतात. व्होल्टेजचा आठवा हिस्साच गेला, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने कमी होतो; म्हणून उजेड एक तृतीयांशाहून अधिक घटतो. त्यात भर म्हणजे गाडी मागे घेताना इंजिन सावकाश फिरत असते. डायनामो असलेल्या गाडीत त्या वेगाला चार्जिंग जवळजवळ होतच नाही आणि दिवा एकट्या बॅटरीवर जळतो. अशा वेळी वाटेत गळणारा एकेक व्होल्ट महागात पडतो. दोष दिव्याच्या रचनेत नाही, पन्नास वर्षांच्या गंजात आहे, हे या हिशेबातून स्पष्ट होते. म्हणून तपासणी मागच्या काचेपासून नव्हे, अर्थपासून सुरू करावी. इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर रिव्हर्समध्ये. मग व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पट्टीला लावावी. काटा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब आहे असे समजावे. मग उरलेली वाट तपासावी : फ्यूजकडून येणारी हिरवी तार, गिअरबॉक्सवरचा स्विच आणि तिथून दिव्याकडे जाणारी हिरवी-तपकिरी तार. स्विच अर्धवट दबत असेल, तर तो बदलण्याआधी त्याच्याखालच्या वॉशरची जाडी पाहावी. पुष्कळदा बिघाड तेवढाच असतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सगळेच जुने ठेवायचे, तर कडक झालेले रबर आणि तडकलेले आवरणही ठेवायचे का? अर्थातच नाही. दुरुस्ती काळाला धरून असावी याचा अर्थ प्रत्येक तुकडा त्या वर्षीचा हवा असा नसतो. दिव्याची घडण, काचेची नक्षी, बल्बचा प्रकार आणि तारांचे रंग मूळचे हवेत. रबरी गॅस्केट, तार आणि टर्मिनल नवे असले तरी चालतात, किंबहुना नवेच असावेत. डबाबंद राहिलेला जुना भाग महाग मिळतो, पण त्याचेही रबर कपाटात बसून वाळलेले असते, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे. दिव्याचे घर जस्ताच्या मिश्रधातूचे असेल, तर क्रोमखाली फोड येतात. खड्डे तांब्याच्या थराने भरून पुन्हा मुलामा देणे खर्चाचे काम आहे, तरी माझ्या मते बेताच्या नकलेपेक्षा तोच खर्च सार्थ आहे. लुकासच्या अनेक भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. नक्कल बसवली की गाडीच्या इतिहासाचा तेवढा पुरावा कायमचा जातो.

एलईडीच्या बाजूने बोलणारे सुरक्षिततेचा मुद्दा काढतात आणि तो हलक्यात घेऊ नये. मागचा माणूस दिसलाच पाहिजे. पण या दिव्याचे घर चहूबाजूंना उजेड टाकणाऱ्या तारेसाठी घडवलेले आहे. एलईडीचे ठिपके बहुधा एकाच दिशेला उजेड फेकतात; मागचा परावर्तक रिकामा राहतो आणि डोळ्यांवर झळ आली तरी जमिनीवर उजेड नीट पसरत नाही. ज्या गाड्यांचा पॉझिटिव्ह अर्थ आहे, त्यांत दिशा पाळणारा एलईडी उलटा बसला तर पेटतही नाही. तारेच्या बल्बला धन-ऋण सारखेच.

गाडीला मुळात रिव्हर्स लाइटच नसेल तर? ते त्याच काळातले जोडदिवे म्हणून बसवायला माझी हरकत नाही, मात्र त्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडू नयेत. बंपरच्या बोल्टवर पट्टी घेऊन काम भागते. ब्रिटनच्या १९८९ च्या नियमांत असे दोनच दिवे चालतात आणि मान्यताचिन्ह नसलेल्या दिव्याला २४ वॅटची मर्यादा आहे. २१ वॅटचा जुना बल्ब तिच्यात सहज बसतो. भारतात २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांना तिथे मनाई आहे. मागच्या दिव्याचा वेगळा उल्लेख नाही. तेव्हा त्याचा निर्णय मालकाच्याच हाती राहतो. मेकॅनिकने काढलेला जुना दिवा, होल्डर आणि स्विच कितीही खराब दिसले तरी फेकू देऊ नका. गाडीचे नाव आणि काढल्याची तारीख लिहून ते पिशवीत जपून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला नमुना म्हणून तेच लागतील.