घरातली खोली, शहराचा नियम

परगावी गेल्यावर कुणाच्या तरी घरी पैसे देऊन उतरण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्रांच्या गावी यात्रेकरू पिढ्यानपिढ्या असेच उतरत आले. इंटरनेटने या व्यवहाराला जगाची बाजारपेठ मिळवून दिली आणि प्रश्न उभा राहिला: घरातली खोली चार दिवस भाड्याने देणे हा घरगुती मामला, की धंदा?

न्यूयॉर्क शहराने याचे उत्तर फार कडक दिले. तिथे तीन किंवा अधिक घरे असलेल्या इमारतींत, मालक हजर नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर देण्यास राज्याच्या कायद्याने आधीपासूनच बंदी होती. पण ती पाळली जात नव्हती. म्हणून शहराने 'स्थानिक कायदा १८' केला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याची मेख अशी, की नोंदणी नसलेल्या घराचे पैसे एअरबीएनबीसारख्या कंपन्यांना स्वीकारताच येत नाहीत. मालकामागे धावण्याऐवजी शहराने व्यवहाराची नाडीच हातात घेतली.

नोंदणीच्या अटी काय? यजमान त्याच घरात राहणारा हवा, पाहुणे मुक्कामी असताना तो घरात राहायला हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. मधल्या दारांना कुलपे घालून घराचे भाग पाडायचे नाहीत. नोंदणीचे शुल्क १४५ डॉलर.

यामागचे कारण खोटे नाही. शहरात राहायला घरे अपुरी आहेत, आणि काही जण फ्लॅटमागून फ्लॅट घेऊन ते पर्यटकांना देत होते. त्यांना आवर घालणे भागच होते.

पण ब्रुकलिन, क्वीन्स भागांतले दोन मजली घर डोळ्यांसमोर आणा. खाली मालकीण राहते, वरचा मजला स्वतंत्र आहे. अधूनमधून पाहुणे ठेवून ती कर्जाचे हप्ते भरते आणि मुले आली की तोच मजला त्यांना देते. कायद्याच्या दृष्टीने वरचा मजला हे वेगळे घर! ती जिन्याखाली हजर असली तरी ती हजेरी मोजली जात नाही. वर्षभराचा भाडेकरू ठेवायचा, तर मुलांसाठी जागा उरत नाही. दहा फ्लॅटवाला आणि ही मालकीण एकाच चाळणीत सापडले. दहा फ्लॅटवाल्याला दुसरा धंदा काढता येईल. हिच्याकडे तेवढा एकच मजला आहे.

बार्सिलोनाने तर पुढचे पाऊल टाकले. पर्यटकांसाठीचे सुमारे दहा हजार फ्लॅट-परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचे तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले.

आपल्याकडे केंद्र सरकारची न्याहारी-निवास योजना आहे. मालकाने कुटुंबासह त्या घरात राहायचे आणि एक ते सहा खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, अशी तिची अट. मालक तिथे राहतो ना, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. पण इथे छोट्या मालकाला वाव ठेवला आहे.

कोकणात आणि गोव्यात घराघरांतून पाहुणे उतरू लागले आहेत. नियम हवेतच: आगीपासून सुरक्षितता, पाणी, कचरा, शेजाऱ्यांची शांतता यांसाठी हवेत. मात्र नियम करताना दोन गोष्टी आधी विचाराव्यात. मालकाची घरे किती? आणि तो स्वतः राहतो कुठे? एवढे विचारले, तरी मोठा मासा आणि लहान मासा यांसाठी वेगवेगळे जाळे विणता येईल.