बाळाची कार सीट: घट्ट बसवली तरच उपयोगी

बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसणे आपल्याकडे सुरक्षित मानले जाते. पण ताशी 50 किलोमीटर वेगातली गाडी धडकली, तर 10 किलोच्या बाळाचा भार क्षणभर शेकडो किलोंचा होतो. तो कोणाच्याही हातांना पेलत नाही. म्हणून चाइल्ड सीट हवी आणि ती नीट बसवलेली हवी.

सीट मागच्या आसनावर ठेवावी. तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे. समोरून धडक बसली, तर तिचा जोर एकट्या मानेवर न येता पूर्ण पाठीवर विभागला जातो. युरोपातील आर 129 नियमानुसार किमान 15 महिन्यांपर्यंत बाळाला असेच बसवावे लागते. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीही लावू नये. उघडणारी एअरबॅग बाळाच्या जिवावर बेतू शकते.

आयसोफिक्सची, म्हणजे बेल्टऐवजी आकड्यांनी गाडीला अडकवायची सीट असेल, तर दोन्ही आकडे गाडीतल्या कड्यांत ‘खट्’ आवाज येईपर्यंत सरकवावेत. वरचा पट्टा किंवा आधाराचा पाय दिला असेल, तर तोही लावावा. बेल्टने बांधताना सीट खाली दाबून धरावी आणि बेल्ट ओढून घट्ट करावा. मग बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर पुन्हा बसवावी.

बाळाच्या पट्ट्यांना पीळ नसावा आणि खांद्यावर ते चिमटीत पकडता येऊ नयेत. जाड स्वेटर आधी काढावा. प्रवास कितीही छोटा असो, निघण्यापूर्वी हे सारे एकदा तपासाच.