विश्लेषण : भटका ग्रह पृथ्वीवर चालून आला तर? गेममधली भीती कितपत खरी?

अंतराळात वसाहती उभारण्याच्या व्हिडीओ गेममध्ये पृथ्वी बहुधा सुरुवातीलाच संपते. सिएरा कंपनीच्या ‘आउटपोस्ट’ (१९९४) या गेममध्ये ‘व्हल्कन्स हॅमर’ नावाचा लघुग्रह पृथ्वीकडे झेपावतो, अण्वस्त्रांनी त्याचा निकाल लावण्याचा प्रयत्न फसतो आणि मूठभर माणसांना घेऊन एक यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघते. पुढचे सगळे खेळाडूच्या हाती. पण लघुग्रहाच्या जागी अख्खा ग्रहच चालून आला तर? ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ (१९५१) आणि ‘मेलँकोलिया’ (२०११) या चित्रपटांनी तीच भीती पडद्यावर आणली. सूर्याविना भटकणारे ग्रह मात्र काल्पनिक नाहीत.

भटका ग्रह म्हणजे काय?

कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणारा, अंधारात एकटाच वाहत जाणारा ग्रह. ग्रहमाला तरुण असताना मोठ्या ग्रहांची गुरुत्वाकर्षणाची रस्सीखेच चालते. त्यात एखादा लहान ग्रह थेट घराबाहेर फेकला जातो. काही भटके ग्रह ताऱ्यांसारखेच वायूच्या ढगातून जन्मत असावेत, पण त्यांचे वस्तुमान तारा पेटण्याइतके नसते. २०२३ मध्ये ‘एमओए’ या संशोधक गटाने अंदाज मांडला, की आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या सुमारे २० पट भटके ग्रह असावेत. म्हणजे लाखो कोटी!

प्रकाश नसताना ते सापडतात कसे?

दूरच्या ताऱ्यासमोरून असा ग्रह गेला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि तारा काही काळ अधिक तेजस्वी दिसतो. याला सूक्ष्म गुरुत्वीय भिंग म्हणतात. चिलीतील दुर्बिणीतून पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांनी टिपलेली अशी एक घटना २०२० मध्ये जाहीर झाली. तिचा कालावधी होता अवघा ४२ मिनिटे. त्यावरून तो ग्रह मंगळ ते पृथ्वी यांच्या दरम्यानच्या वस्तुमानाचा असावा, असे गणित निघाले. हा खेळ एकदाच होतो. तो ग्रह पुन्हा दिसत नाही. ‘नासा’च्या रोमन दुर्बिणीला पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचे असे सुमारे ४०० ग्रह सापडतील, अशी अपेक्षा आहे.

मग एखादा आपल्याकडे येतो आहे का?

डिसेंबर २०१२ मध्ये ‘निबिरू’ नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार, अशी आवई उठली होती. तारीख उलटली, ग्रह आला नाही. अफवा मात्र नव्या तारखा घेऊन येतच राहिली. त्याला खरे उत्तर ‘वाइज’ या अवरक्त दुर्बिणीच्या नोंदींनी दिले. ग्रह प्रकाश देत नसला, तरी मोठ्या ग्रहाच्या पोटातली ऊब अवरक्त किरणांत दिसते. २०१४ च्या निष्कर्षानुसार, सूर्यापासून १० हजार खगोलीय एककांपर्यंत शनीएवढा आणि २६ हजार एककांपर्यंत गुरूएवढा किंवा त्याहून मोठा अज्ञात ग्रह नाही. एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्या सीमेबाहेरून गुरूएवढा ग्रह सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने निघाला, तरी त्याला इथे पोहोचायला चार हजारांहून अधिक वर्षे लागतील. पृथ्वीएवढा छोटा, थंड ग्रह या पाहणीतून निसटू शकतो, हेही खरे. पण अवकाश इतके रिकामे आहे, की नेमका आपल्या वाटेवर तो येण्याची शक्यता नगण्य आहे.

आला तर अडवता येईल?

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीकडे येणारा धूमकेतू अणुस्फोटाने वळवला जातो. प्रत्यक्षात ‘नासा’च्या ‘डार्ट’ यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहाला धडक दिली. जोडीदाराभोवतीची त्याची फेरी त्यामुळे अर्ध्या तासाने लवकर पूर्ण होऊ लागली. मात्र पृथ्वीचे वस्तुमान डायमॉर्फोसच्या हजार लाख कोटी पटींहूनही अधिक आहे. ग्रहापुढे असा धक्का म्हणजे हत्तीला मुंगीने ढकलणे, आणि ही उपमाही सौम्यच.

मग मंगळावर जाऊन वाचता येईल?

बहुतेक गेम इथेच चकवतात. लघुग्रह आदळला तर एकटी पृथ्वी उद्ध्वस्त होते. मंगळावरची वसाहत शाबूत राहते. भटक्या ग्रहाला मात्र आदळायचीही गरज नाही. गुरूएवढा ग्रह ग्रहमालेच्या आतल्या भागातून नुसता गेला, तरी पृथ्वीसह मंगळाचीही कक्षा बिघडू शकते. पृथ्वी सूर्यापासून लांब ढकलली गेली, तर गोठेल. शिवाय मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ दर २६ महिन्यांनी येते, प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात आणि तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

उरतो तो ‘आउटपोस्ट’चा मार्ग, दुसरा तारा. सर्वांत जवळचा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने तेवढे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. गेममध्ये तेवढ्या प्रवासाला एक ‘लोडिंग’चा पडदा पुरतो.