औषध, तंबाखू आणि मद्य : वरच्या वर्गांतील आरोग्यशिक्षण

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग वसलेले आहे. पूर्वेस मिरज हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वानलेस यांनी स्थापिलेल्या रुग्णालयापासून वैद्यकीय सेवेचे केंद्र म्हणून ख्याती पावलेले गाव, तर पश्चिमेस सांगलीची बाजारपेठ. खुद्द विश्रामबागेत १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तासगाव, जत, कवठे महांकाळ, शिराळा अशा तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून मुलेमुली येथे शिकावयास येतात, खोली घेऊन राहतात आणि आयुष्यात प्रथमच आईवडिलांच्या नजरेआड स्वतःच्या पैशांचा व्यवहार करू लागतात. ताप आला तर औषधाच्या दुकानातून कोणती गोळी आणावी, खोलीतील सोबत्याने पुडी पुढे केली तर काय म्हणावे, हे तेथे त्यांना कोणी शिकवीत नाही. ते शिक्षण त्याआधी, गावच्या शाळेत, सहावी ते आठवीच्या वर्गांतच व्हावयास हवे. ही जबाबदारी प्राथमिक शिक्षकाची आहे, ती याच कारणाने.

या शिक्षणाचे तीन भाग पडतात : औषधे, तंबाखू आणि मद्य. औषधांपासून प्रारंभ करणे इष्ट होय. औषध ही चांगली वस्तू आहे, हे प्रत्येक मूल जाणते. चांगली वस्तूही चुकीच्या मापाने घेतली असता अपाय करते, एवढे एकदा मनात ठसले की पुढील दोन विषय समजावणे सुलभ होते.

औषधांविषयी

ग्रामीण घरांत औषध बहुधा कोनाड्यात, फडताळात किंवा देवघराशेजारी ठेवलेले असते. मागच्या दुखण्यातील उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यास वापरल्या जातात. एकाला गुण आला म्हणून तीच गोळी दुसऱ्याला दिली जाते. यात कंजूषपणा नसतो, असते ती काटकसर आणि माया. म्हणून शिक्षकाने उपहास न करता कारण सांगावे.

पहिले कारण मापाचे. तापावर दिले जाणारे पॅरासिटॅमॉल सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रौढ माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटॅमॉल घेऊ नये, असा दंडक आहे. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा हिशेब केल्यास हे प्रमाण आठ गोळ्यांचे होते. परंतु सर्दीच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध मिसळलेले असते. ज्याने तापाची गोळी आणि सर्दीची गोळी अशा दोन्ही घेतल्या, त्याने नकळत एकच औषध दोनदा घेतलेले असते. अतिरिक्त मात्रेने यकृताला इजा होते आणि पहिले एक-दोन दिवस तिची चाहूलही लागत नाही. मुलांचे प्रमाण वयापेक्षा वजनावर अवलंबून असते, म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी मोडून लहानास देणे हा सुरक्षित मार्ग नव्हे. पातळ औषधाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. काही बाटल्यांत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, काहींत २५०. चमचा तोच, पण मात्रा दुप्पट! त्यातून घरचे चमचेही लहानमोठे असतात, म्हणून बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे.

दुसरे कारण प्रतिजैविकांचे. ज्या औषधांच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाची नसतात. प्रतिजैविक जंतूंवर चालते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तेथे त्याचा उपयोग नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगून ठेवला होता : अपुऱ्या औषधाने जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला दाद न देण्यास शिकतात. शेतावरील मुलांना हे चटकन पटते. एकच कीटकनाशक वारंवार आणि अपुरे फवारले की कीड त्याला जुमानत नाही, हे त्यांनी घरी ऐकलेले असते. क्षयरोगाची औषधे कित्येक महिने नियमाने घ्यावी लागतात, त्याचे मर्मही येथेच आहे.

तिसरी बाब साठवणुकीची. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात फवारणीची औषधे घरोघर असतात. ती कधीही पाण्याच्या, शीतपेयाच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नयेत. तहानलेले मूल बाटलीचा आकार पाहून ती तोंडास लावते; चिठ्ठी वाचीत नाही. असा प्रसंग ओढवल्यास मीठपाणी पाजून उलटी करवीत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मूळ डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, म्हणजे विष कोणते हे डॉक्टरांना तत्काळ कळते.

या भागासाठी निराळा तास शोधावयास नको. औषधाचे रिकामे वेष्टन हाच भाषेचा उतारा करावा : नाव कोणते, घटक कोणते, मुदत कधी संपते, कोठे ठेवावे. मिलिग्रॅमचे आणि चमच्याचे गणित गणिताच्या तासाला घालावे. मात्र सर्व वेष्टने रिकामी असावीत. वर्गात गोळी आणू नये.

तंबाखूविषयी

तंबाखूवरील पाठ बहुधा सिगारेटच्या चित्राने सुरू होतो. महाराष्ट्रात तेथेच तो चुकतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तळहातावर मळलेली चुन्याची तंबाखू, सुपारीमिश्रित मावा, पुडीतील गुटखा आणि सकाळची मिश्री हे या भागातील खरे प्रकार होत. जे मूल सिगारेटचा निबंध उत्तम लिहिते, तेच आजीबरोबर मिश्री लावीत असेल, तर पाठ वाया गेला असे समजावे.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच होय, दंतमंजन नव्हे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर १९९२ पासून देशात बंदी आहे. मिश्रीने दात घट्ट होतात असे घरोघर सांगितले जाते. वस्तुतः तंबाखूने हिरड्या सुटतात. वेदना कमी झाल्याचा भास निकोटिनमुळे होतो.

तंबाखूत चुना का मळतात, हा प्रश्न वर्गाला अवश्य विचारावा. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या योगाने तंबाखूतील निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या नाजूक त्वचेतून रक्तात लवकर उतरते. हे निकोटिन मेंदूला क्षणभर सुख देते आणि पुनःपुन्हा मागणी करावयास लावते. मेंदूची वाढ साधारणतः विसाव्या वर्षानंतरही काही काळ चालू राहते. वाढत्या मेंदूवर ही सवय अधिक खोल रुजते. ‘मी मनाला येईल तेव्हा सोडीन’ असे तेराव्या वर्षी म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो, त्याला आपल्या शरीराची रीत ठाऊक नसते, इतकेच.

सुपारी स्वतःही कर्करोगकारक आहे. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाची आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात शिरत नसतील, किंवा गालात पांढरा चट्टा अथवा बरी न होणारी जखम असेल, तर दंतवैद्याकडे जावयास हवे. ही तपासणी मुले आपल्या घरीही सुचवू शकतात.

कायद्याची बाजूही सांगावी. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. यावरून एक नाजूक गोष्ट निघते. वडील मुलाला ‘जा, पुडी घेऊन ये’ म्हणून दुकानात पाठवितात. तेथे कायदा मोडतो दुकानदार, मूल नव्हे. पालकसभेत हा मुद्दा शांतपणे मांडल्यास अनेक पालक ही सवय सोडतात, कारण मुलाला त्या दुकानाची वाट आपणच दाखवीत आहोत हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

हिशेबाचा उपयोग येथेही होतो. रोज दहा रुपयांच्या पुड्या म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये. या रकमेत घरात काय येऊ शकले असते याची यादी मुलांनीच करावी.

मद्याविषयी

सातारा-सांगलीच्या भूमीला दारूबंदीचा विचार नवा नाही. १९४२ च्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याच्या कार्यक्रमात गावोगावची दारूबंदी हे एक प्रमुख कलम होते. पुढील काळात राज्यातील अनेक गावांच्या स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून गावातील दुकाने बंद करविली. इतिहासाच्या व नागरिकशास्त्राच्या तासाला हे दाखले द्यावेत.

शास्त्र मुलांना पुढीलप्रमाणे सांगता येईल. मद्य आधी मेंदूच्या विवेकावर पडदा घालते, मग तोल, मग शुद्ध आणि अखेरीस श्वास यांवर परिणाम करते. यकृत ते आपल्याच संथ गतीने फोडते. लिंबू, ताक किंवा थंड पाणी यांनी ती गती वाढत नाही. बेशुद्ध झालेल्या माणसास पाठीवर निजवून सोडू नये, कारण उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ ला कळवावे. झोपेच्या गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास श्वास मंदावतो. क्षयरोगाच्या औषधांबरोबर घेतल्यास यकृतावर दुहेरी भार पडतो. औषधांचा पाठ आणि मद्याचा पाठ येथे एकत्र येतात.

गावठी किंवा भेसळीच्या दारूत मिथिल अल्कोहोल असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. त्याने प्रथम दृष्टी जाते आणि पुढे प्राणही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. वासावरून वा चवीवरून हे विष ओळखता येत नाही.

महाराष्ट्रात कडक दारूसाठी किमान वय २५ वर्षे आणि सौम्य मद्यासाठी २१ वर्षे आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलास मद्य, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अमली पदार्थांचा विषय दूरच्या महानगरांचा उरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रामबागेलगतच्या कुपवाड येथे मेफेड्रोनचा साठा पकडला.

शिकविण्याची रीत

भीतीची चित्रे मुले दोन दिवस लक्षात ठेवतात, तिसऱ्या दिवशी विसरतात. शिवाय ज्याचे आजोबा तंबाखू खाऊन ऐंशी वर्षे जगले, तो मुलगा शिक्षकाचे बोलणे खोटे मानू लागतो. म्हणून अतिशयोक्ती टाळावी. धोका वाढतो, तो कोणावर कोसळेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच सत्य सांगावे; तेवढे पुरेसे असते.

‘सगळेच खातात’ हा मुलांचा समज दूर करणे फार महत्त्वाचे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखू घेत असल्याचे आढळले. म्हणजे शंभरातील एक्क्याण्णव घेत नाहीत. नकार देणारा एकाकी नसतो, त्याच्या बाजूस बहुमत असते.

नकार देणे हेही शिकवावे लागते. दोन-दोन मुलांनी संवाद करून दाखवावा : एकाने आग्रह करावा, दुसऱ्याने मैत्री न मोडता नाही म्हणावे. ‘नको रे, मला खेळायचंय’, ‘घरी काम आहे, चाललो’ अशी साधी वाक्ये तोंडात बसली म्हणजे ती प्रसंगी आपोआप निघतात. उपदेशाची दहा वाक्ये पाठ करण्याहून याचे मोल अधिक आहे.

सर्वांत कठीण प्रसंग पुढेच आहे. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी येऊन विचारील, ‘गुरुजी, माझे वडील पितात. ते वाईट आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ आधीच तयार असावे. व्यसन हा उपचारांनी बरा होणारा विकार आहे. वडील वाईट नाहीत, त्यांना मदतीची गरज आहे. आणि त्यात तुझा काही दोष नाही, असे तिला सांगावे. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच भूमिकेवर उभे आहे. व्यसनाविषयी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे मदतीचे क्रमांक फलकावर लिहून ठेवावेत. घरात मुलास मारहाण होत असल्यास १०९८ हा क्रमांक आहे. मुलाने एकांतात सांगितलेली गोष्ट वर्गात दाखला म्हणून कधीही वापरू नये.

शेवटची गोष्ट शिक्षकाच्या खिशातील पुडीची. मुले फळ्याकडे पाहतात, त्याहून अधिक शिक्षकाच्या हाताकडे पाहतात. ज्यास स्वतःस ही सवय असेल, त्याने शाळेच्या आवारात ती कटाक्षाने वर्ज्य करावी आणि सोडण्यासाठी मदत घ्यावी. सोडण्याची धडपड करणारा शिक्षक या विषयास अपात्र ठरत नाही. सवय जडणे सोपे आणि सुटणे अवघड, हे त्याच्याइतक्या अधिकाराने दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलास वेष्टन वाचता यावे, मात्रेचा हिशेब करता यावा, मित्रास नाही म्हणता यावे आणि अडचणीत कोणाकडे जावे हे ठाऊक असावे. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे पुढे विश्रामबागेतील खोलीत राहणारा तो विद्यार्थी एकटा असला तरी असहाय असणार नाही.