चाके सरळ, तर टायरचे पैसे वसूल!

बैलगाडीचा आस वाकला तर बैलांची दमछाक होते आणि दोष लगेच ध्यानात येतो. मोटारीचे इंजिन मात्र तक्रार न करता ओढत राहते. चाकांचे कोन बिघडल्याचे कळते ते नवे टायर अवेळी झिजल्यावर!

शेतरस्त्यावरचे दगड, खड्डे, न दिसलेला गतिरोधक यांच्या आदळण्याने हे कोन बिघडतात. लक्षणे घरीच ओळखा. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे राहते, टायरची एकच कड झिजते. आधी चारही चाकांची हवा पाहावी; एका चाकात हवा कमी असली तरी गाडी ओढते. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष बहुधा बॅलन्सिंगचा असतो. ते काम निराळे.

आता गॅरेजची पारख कशी करावी? गाडी यंत्रावर चढवण्याआधी मिस्त्री काय करतो, ते पाहा. जाणता मिस्त्री प्रथम हवा मोजतो, जॅक लावून चाक हलवून पाहतो, टायरॉडचे एंड, बॉल जॉइंट, बेअरिंग आणि बुश तपासतो. यांत ढिलाई असेल, तर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. ही तपासणी न करता थेट पाना हातात घेणाऱ्याला नमस्कार करून परत फिरावे.

गाडी उभी करण्याची जागा समतल हवी. मापे चारही चाकांची घ्यावीत. मागची चाके न मोजता पुढचीच जुळवली, तर स्टिअरिंग वाकडे राहू शकते. यंत्रात आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, हे विचारा. काम सुरू करण्याआधी स्टिअरिंग मधोमध धरून पक्के बांधले पाहिजे.

तीन शब्द माहीत असले की फसवणूक टळते. टो म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत वळली आहेत की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा माथा कोणीकडे कलला आहे. कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळते, त्याचा मागे-पुढे असलेला कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, त्यात याचा मोठा वाटा. पुष्कळ लहान मोटारींत फक्त पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो. कॅम्बर चुकला असेल, तर कोणता भाग वाकला वा झिजला, ते शोधावे लागते. जॅकच्या जोराने भाग वाकवून कॅम्बर ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या.

पैसे देण्यापूर्वी दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागा. मग मिस्त्रीला शेजारी बसवून सरळ रस्त्यावर गाडी चालवून पाहा. कागद गाडीच्या पुस्तकात जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करता येते.

साधारण १०,००० किलोमीटरनंतर, नवे टायर घातल्यावर किंवा टायरॉडचा एंड बदलल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावे. टायरची आतली कड सहज दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी बंद करून ती पाहण्याची सवय ठेवा. पावसात घाट उतरताना घरची माणसे त्याच टायरांच्या भरवशावर असतात.